नेमदुर्बीण आणि सदोष दृष्टी

साध्या रायफलीने नेम धरताना डोळ्यापुढे तीन वस्तू असतात : जवळची खाच, नळीच्या टोकावरील खूण म्हणजे माशी, आणि दूरचे लक्ष्य. या तिन्ही अंतरांवर डोळा एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही. चाळिशीनंतर नेत्रमणी ताठर झाला की ही अडचण वाढते. रायफलीवर बसविण्याच्या नेमदुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा व छेदतारा एकाच प्रतलात येतात, म्हणून हे कष्ट वाचतात. परंतु डोळ्याचा प्रत्येक दोष तिच्याने भरून निघत नाही. म्हणून ती विकत घेण्यापूर्वी आपला दोष कोणता हे जाणणे अगत्याचे आहे.

दोष कोणता?

लघुदृष्टी व दीर्घदृष्टी या दोषांत प्रतिमा दृष्टिपटलाच्या पुढे किंवा मागे पडते. नेत्रिकेचे कडे फिरविले असता हा दोष बऱ्याच अंशी भरून निघतो. दृष्टिवैषम्यात मात्र डोळ्याची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसते. कडे कितीही फिरविले तरी ती सारखी होत नाही. त्यासाठी चष्माच हवा. लाल ठिपक्याच्या नेमसाधनात अशा डोळ्याला ठिपका ताऱ्यासारखा फाटलेला दिसतो. साधन स्वतःभोवती फिरवून पाहावे. ठिपक्याचा आकार फिरला नाही, तर दोष डोळ्याचा आहे असे समजावे. मोतीबिंदूवर नेमदुर्बीण हा उपाय नव्हे.

निवड

वस्तुभिंगाचा व्यास विवर्धनाने भागिला असता बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ४० मिलिमीटरचे भिंग चौपट विवर्धनाला १० मिलिमीटरची, तर दसपट विवर्धनाला ४ मिलिमीटरची शलाका देते. शलाका रुंद असली की डोळा किंचित सरकला तरी दृश्य हरपत नाही. म्हणून अधिक विवर्धन म्हणजे अधिक सोय, असे नाही. चष्मा वापरणाऱ्याने नेत्रिकेपासून डोळ्याचे अंतर पुरेसे राहते किंवा नाही, हेही पाहावे. अन्यथा धक्क्याने चष्म्यावर आघात होतो.

परीक्षा

वाराणसीत मंगला गौरीच्या मंदिराजवळून पंचगंगा घाटावर उतरले की कोरड्या ऋतूत गंगेपलीकडचा रेताड किनारा दिसतो. अशा मोकळ्या जागी, रायफलीला न जोडलेली दुर्बीण घेऊन परीक्षा करावी. घाट पूर्वाभिमुख असल्याने सकाळी सूर्य समोर असतो. म्हणून ती दुपारनंतरच करावी. दुर्बिणीतून सूर्य कधीही पाहू नये. दृष्टिपटल कायमचे जळते.

प्रथम नितळ आकाशाकडे पाहून छेदतारा स्पष्ट करावा. एका वेळी दोन-तीन सेकंदच पाहावे, कारण टक लावल्यास डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवितो. मग दूरच्या वस्तूवर छेदतारा धरून डोळा थोडा हलवावा. छेदतारा वस्तूवरून सरकत असेल, तर प्रतिमा त्याच्या प्रतलात पडलेली नाही.

चष्म्याचे स्थान

कडे फिरवून चष्म्याविना स्पष्ट दिसले, तरी चष्मा काढून ठेवणे इष्ट नव्हे. दुर्बीण लहानसे क्षेत्र दाखविते. लक्ष्याच्या आसपास व पाठीमागे कोण आहे हे उघड्या डोळ्यांनीच पाहावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत नेमदुर्बिणीला मुभा नसते; नेम बारीक छिद्रातून धरला जातो, आणि छिद्र लहान असल्याने जवळचे व दूरचे दोन्ही अधिक रेखीव दिसते. साधन कोणतेही असो, आधी नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घ्यावेत आणि मगच दुकानाची पायरी चढावी.