कृषी पदवीसाठी कोणती प्रवेश परीक्षा?

बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कृषी व संलग्न पदवीकडे नेणाऱ्या परीक्षा एकापेक्षा अधिक आहेत. तयारीचे वर्ष मात्र एकच असते. सर्व अर्ज भरून ठेवणे सोपे, पण मुख्य भर कोणत्या परीक्षेवर द्यावा हे वेळीच ठरवावे लागते.

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांतील राज्याच्या जागांसाठी एमएचटी-सीईटी ही रूढ वाट आहे. भारतीय कृषी संशोधन परिषद पूर्वी अखिल भारतीय जागांसाठी स्वतःची परीक्षा घेत असे. २०२३ पासून पदवीचे हे प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतात. कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था, झाशीचे राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ, बिहारमधील पुसा येथील डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्रीय कृषी विद्यापीठ येथे जाण्याचा मार्ग हाच. पशुवैद्यकाची पदवी या दोहोंत बसत नाही. तिला नीट लागते. केवळ सीईटीच्या भरवशावर राहिलेल्या विद्यार्थ्याला हे निकालानंतर कळले, तर वर्ष हातचे जाते.

परीक्षांचा स्वभावही भिन्न आहे. सीईटीत सुमारे ८० टक्के भार राज्य मंडळाच्या बारावीवर व २० टक्के अकरावीवर असतो. सीयूईटीचा पाया एनसीईआरटीची बारावी हा आहे. सीईटीच्या जीवशास्त्र गटात १८० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद मिळतात. सीयूईटीत प्रत्येक विषयाला ६० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे ७२ सेकंद. पाठ चोख आणि हात वेगवान असलेल्याला पहिली परीक्षा मानवते. विचार करून उत्तर देणाऱ्याला दुसरी.

सीयूईटीतील वजा गुणांची धास्ती मात्र अवाजवी आहे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीच्याला १ वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले तरी सरासरी अर्धा गुण पदरी पडतो, आणि एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी एक गुण. सीईटीत वजा गुण नाहीतच, त्यामुळे तेथे प्रश्न कोरा सोडणे हे निव्वळ नुकसान. भित्र्या विद्यार्थ्याचे गुण अनेकदा अज्ञानाने नव्हे, कोऱ्या जागांनी जातात.

भाषेचा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मराठीतून देता येते, गणित मात्र इंग्रजीतच. सीयूईटीच्या तेरा भाषांत मराठी आहे. गणित मराठीतून सोडवू इच्छिणाऱ्याला राज्याच्या परीक्षेपेक्षा राष्ट्रीय परीक्षाच जवळची ठरावी, हा विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे.

घरापासून दूर जाण्याचा खर्च हा बहुतेक शेतकरी कुटुंबांचा खरा प्रश्न असतो. परिषदेमार्फत परराज्यात प्रवेश घेणाऱ्यांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. तिचे चालू वर्षाचे नियम अर्जापूर्वी वाचून ठेवावेत. अर्ज भरताना परिषदेने मान्य केलेलाच विषयसंच निवडावा. एखादा विषय राहिला तर चांगले गुणही निरुपयोगी होतात. शिवाय सीयूईटीचा निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. त्यानंतर परिषदेच्या समुपदेशन प्रक्रियेत स्वतंत्र नोंदणी करून विद्यापीठांचा पसंतीक्रम द्यावा लागतो.