एकाच रात्रीची दोन स्वप्ने

नवराबायकोस किंवा दोघा भावांस एकाच रात्री सारखे स्वप्न पडले, म्हणजे ते खचित खरे होणार, असे कित्येकांस वाटते. कोणी त्यावरून ठरलेली सोयरीकही मोडावयास निघतात. यास्तव उत्पत्तीच्या 40 व्या अध्यायाकडे आम्ही वाचकांचे लक्ष लावितो.

प्यालेबरदार व आचारी हे फारोचे चाकर. बंदिशाळा एक, रात्रही एक. एकास द्राक्षवेलाचे तीन फाटे दिसले, दुसऱ्यास आपल्या डोक्यावर तीन टोपल्या. दोहोंत तिनाचा अर्थ तीन दिवस हाच. सोबत्याचा अर्थ चांगला निघाला असे पाहूनच आचाऱ्याने आपले स्वप्न सांगितले! परंतु तिसऱ्या दिवशी, फारोच्या वाढदिवशी, प्यालेबरदार आपल्या कामावर परत गेला व आचारी टांगला गेला.

मग सारखेपणा येतो कोठून? एका छपराखाली राहणारी माणसे एकच चिंता उराशी घेऊन निजतात; स्वप्नेही तिच्याभोवतीच फिरतात. तशात सकाळी एकाने आपले सांगितले, की दुसऱ्याचे अर्धवट आठवलेले स्वप्न त्याच साच्यात बसते. ह्यात लबाडी नसते. स्मरणशक्तीच अशी आहे. म्हणून उपदेशकांनी दोघांचे वेगवेगळे ऐकावे, आणि योसेफाप्रमाणे प्रथम हेच विचारावे की, आज तुमची तोंडे का उतरली आहेत?