दप्तरातले नाव, अहवालातला आकडा

प्रश्न : ठाकुर्लीत लैंगिक आरोग्याच्या कार्यक्रमात मी समुपदेशक आहे. मासिक अहवालासाठी नावे मागितली, तर द्यावीत काय?

उत्तर : देऊ नयेत. आपल्या ठाकुर्लीत, जिथे चाळ आणि आडनाव एवढ्यावरून माणूस ओळखला जातो, तिथे नाव गाळूनही वय, व्यवसाय व पत्ता एका ओळीत मांडल्यास गोपनीयतेचा केवळ देखावा उरतो. म्हणून अहवालात आकडे जावेत, नोंदवहीत सांकेतिक क्रमांक असावा आणि क्रमांक व नाव जोडणारा तक्ता निराळ्या कुलपात राहावा. एचआयव्ही-एड्सविषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. एचआयव्हीविषयक माहिती बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेवर तिच्या संरक्षणाची जबाबदारी त्याने टाकली आहे, आणि ती उघड करण्यास सामान्यतः लेखी संमती लागते. जोडीदारास कळवण्याची मुभा केवळ डॉक्टर वा समुपदेशकास आहे, तीही संबंधित व्यक्तीस पूर्वसूचना देऊनच. हिंसेची वा परित्यागाची रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर ती वापरू नये.

एक अपवाद मात्र कडक : अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, तिथे गोपनीयतेची सबब चालत नाही.

आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘चालचलन संशयास्पद’ असले निवाडे लिहिण्याची आपल्या दप्तरांची जुनी खोड सोडा. व्यक्ती काय म्हणाली आणि आपण काय सुचवले, एवढेच लिहावे.