न वापरलेल्या साच्यातील दोष

दिल्लीनजीकच्या फरीदाबाद येथील ओतशाळेत वितळलेला धातू ओतण्यापूर्वी कारागीर वाळूचा साचा तपासून पाहतो. मोडलेली कडा त्यास तत्काळ दिसते. परंतु धातू निवताना आत पोकळी राहील की काय, हे ओतल्यावाचून निश्चित कळत नाही. संगणकाच्या आज्ञावलीतील साच्यांचीही हीच गोष्ट आहे.

बियार्न स्ट्रॉस्ट्रप यांनी 1979 पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी प्लस प्लस ही भाषा घडविली. तीत साचा, म्हणजेच टेम्प्लेट, लिहिता येतो. समजा, दोन वस्तूंपैकी अधिक लांब कोणती हे ठरविण्याची कृती लिहावयाची आहे. ती एकदाच लिहून वस्तूचा प्रकार ‘क’ असा मोकळा ठेवतात. पुढे शब्दासाठी किंवा यादीसाठी साचा वापरला, म्हणजे कंपायलर ‘क’च्या जागी तो प्रकार घालून प्रत्यक्ष कृती तयार करतो. मानवी आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली ती कंपायलर होय.

मग साचा कोणी वापरलाच नाही तर? 1998 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साच्याची तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात वाक्यरचना आणि ‘क’शी संबंध नसलेली नावे पाहिली जातात. कोठेही न सांगितलेले असे नाव आढळल्यास कंपायलर तेथेच हरकत घेतो. परंतु ‘क’ची ‘लांबी’ विचारण्याऐवजी चुकून ‘लंबी’ लिहिले गेले, तर तो गप्प राहतो. कारण ‘लंबी’ असलेला एखादा प्रकार पुढे येणे अशक्य नसते. हा दोष दुसऱ्या टप्प्यात, प्रत्यक्ष वापराच्या वेळीच, उघड होतो.

ही द्विस्तरीय पद्धत जी.सी.सी. या कंपायलरमध्ये 2004 साली, तर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये 2017 साली आली. त्यापूर्वी मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमधून न वापरलेल्या साच्यातील ढोबळ चुकाही निसटत असत.

नोएडात लिहिलेला साचा वर्षभराने पुण्यात प्रथम वापरला गेला, तर लेखकाची चूक वापरणाऱ्यास भोवते. 2020 च्या मानकाने ‘क’कडून कोणते गुण अपेक्षित आहेत हे सांगण्याची सोय केली, तरीही साच्याचा अंतर्भाग त्या अपेक्षांशी ताडून पाहिला जात नाही. म्हणून सुज्ञ लेखक साचा इतरांच्या हाती देण्यापूर्वी दोनतीन निरनिराळ्या प्रकारांसाठी तो स्वतः वापरून पाहतो. कंपायलरने इशारा दिला नाही, एवढ्यावरून साचा निर्दोष ठरत नाही. धातू ओतून पाहिल्यावरच त्याची परीक्षा पुरी होते.