एका वर्गात चार इयत्ता

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे, वाचताना अडखळतो. गावच्या सरकारी मराठी शाळेत एकच बाई चारही इयत्ता एकत्र शिकवतात. त्याला म्हापशाच्या मोठ्या शाळेत घालू का?
– एक आई, पेडणे

उत्तर : ताई, घाई नको. एकत्र वर्गात मूल मागंच पडतं, हा गैरसमज आहे. कर्नाटकातल्या ‘नली-कली’ पद्धतीत १९९५ पासून लहान-मोठी मुलं एकत्र बसून आपापल्या गतीनं शिकतात. तुमचा मुलगाही वाचनाला दुसरीच्या गटात, गणिताला तिसरीत बसू शकेल, बाईंशी बोला. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तरीही अडखळला, तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता समाविष्ट आहे, त्यामुळे सवलती मागता येतात. फक्त ‘पुढं सुधारेल’ म्हणत वर्ष घालवू नका.