उथळ पाण्यासाठीं ॲल्युमिनियमची होडी

तापीकांठच्या आमच्या कांहीं सभासद बंधूंनीं यंदा होडी घेण्याचें मनांत आणिलें आहे. कोणाची जमीन धरणाच्या फुगवट्याखालीं गेली असून मासेमारी हाच जोडधंदा उरला आहे; कोणाचें शेत पैलतीरीं आहे. लांकडी होडी महाग पडते, लोखंडी पत्र्याची गंजते. तेव्हां ॲल्युमिनियमची घ्यावी काय, असा त्यांचा प्रश्न आहे. आम्ही कांहीं नावाडी नव्हे. परंतु महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां बुडितांचीं प्रकरणें लिहिण्याचें काम आमच्या वांट्यास वारंवार आलें, आणि त्यांतील एका प्रकरणानें होडी या वस्तूकडे आम्हांस निराळ्या दृष्टीनें पाहावयास लाविलें. तें पुढें सांगूं.

प्रथम पाणी कसें आहे तें पाहावें. चांगदेवाजवळ पूर्णा तापीस मिळते आणि त्या संगमाच्या खालीं हतनूरचें धरण आहे. दोन्ही नद्यांचा गाळ तेथें सांचत आला आहे, त्यामुळें फुगवट्याचा पुष्कळ भाग उथळ आहे. उन्हाळ्यांत पाणी हटतें आणि काल जेथें होडी बांधली तेथें आज चिखल व गोटे उघडे पडतात. याउलट १९७२ सालीं पुऱ्या झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा नंदुरबारकडे पसरला आहे (तो मुलूख १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांतच होता). तेथें विस्तार मोठा, पाणी खोल आणि वाऱ्याच्या लाटाही मोठ्या. या लेखांत सांगितलेली होडी तेथील भर पाण्यांत नेऊं नये. ती हतनूरसारख्या फुगवट्याची, गांवतळ्याची आणि लहान धरणांच्या कांठाची आहे.

ॲल्युमिनियम म्हणजे आपल्या बायकामंडळी ज्याला 'जर्मन' म्हणतात तीच धातु. परंतु भांड्याचा पत्रा होडीस उपयोगी नाहीं. होडीसाठीं मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा लागतो. बाजारांत तो ५०५२ व ५०८३ या क्रमांकांनीं ओळखला जातो. दुकानदारास क्रमांक विचारावा व तो पावतीवर लिहून घ्यावा. "एक नंबर माल आहे" हा क्रमांक नव्हे.

या धातूचा मोठा गुण तिचा हलकेपणा. २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरास १५.७ किलो भरतो. ॲल्युमिनियमचा ३ मिलिमीटरचा घेतला तरी ८.१ किलोच भरतो. म्हणजे जाडी दीडपट घेऊनही वजन निम्म्याच्या आसपास. पाणी हटल्यावर होडी रोज चिखलांतून ओढावी लागते, तेथें दोन माणसांनीं उचलेल अशी होडी आणि चौघांवांचून न हलणारी होडी यांतील अंतर ओढणाऱ्याची पाठच जाणते. मात्र ओढतांना तळ गोट्यांवर घासतो, म्हणून तळाचा पत्रा अडीच ते तीन मिलिमीटर व बाजूंचा दोन मिलिमीटर असावा. दीड मिलिमीटरच्या तळाची होडी स्वस्त मिळते व दुकानांत चकचकीतही दिसते. आमच्या नदीवर ती फार दिवस टिकणार नाहीं.

आतां तळाचा आकार. उथळ पाण्यांत सपाट तळच हवा. याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस फूट तळ एक इंच पाण्यांत उतरला म्हणजे सुमारें २.३६ किलो भार तोलतो. बारा फूट लांब व चार फूट रुंद होडीचा पुढचा भाग उचललेला असतो, म्हणून पाण्यास टेकणारा तळ चाळीस चौरस फूट धरूं. दर इंचास सुमारें ९४ किलो झाले. होडी ८० किलो, दोन माणसें १३०, जाळीं, वल्हीं व मासे मिळून ९०, एकूण ३००. म्हणजे होडी सव्वातीन इंचांपेक्षां अधिक बुडत नाहीं. गुडघाभर पाण्यांत ती सहज फिरेल. निमुळत्या तळाची होडी लाट चांगली कापते, परंतु तेवढ्याच भारास अधिक खोल उतरते. बाजू दीड फुटाहून कमी उंच नसाव्यात. इंजिनाचा मोह उथळ पाण्यांत न धरलेलाच बरा. पंखा जाळ्यांत व शेवाळांत गुंततो. लांब वेळूची काठी आणि दोन वल्हीं पुरेशीं आहेत.

जोड रिव्हेटचे घ्यावे कीं वेल्डिंगचे, यावर मतभेद आहेत. वेल्डिंगचा सांधा गळत नाहीं, परंतु तापल्यानें त्याच्या शेजारचा पत्रा मऊ पडतो व चीर बहुधा तेथेंच जाते. शिवाय ती दुरुस्त करण्यास आर्गॉन वायूचें यंत्र लागतें, तें खेड्यांतील वेल्डराकडे सहसा नसतें. रिव्हेट धक्क्यानें ढिले होतात व झिरपूं लागतात, पण तीं गांवांत बसून बदलतां येतात. आमचें मत असें कीं, ज्यांस शहर जवळ आहे त्यांनीं वेल्डिंगची घ्यावी. दूरच्या गांवीं रिव्हेटची बरी. रिव्हेट मात्र ॲल्युमिनियमचेच असावेत.

याचें कारण, ॲल्युमिनियमचें वैर गोड्या पाण्याशीं फारसें नाहीं. तें इतर धातूंशीं आहे. तांबें, पितळ किंवा लोखंड ओल्यांत त्याला चिकटून राहिलें कीं ॲल्युमिनियम खाल्लें जातें. चिखलांत विसरलेलें तांब्याचें नाणें किंवा गंजका खिळा कालांतरानें तळास खड्डा पाडतो. पैलतीरीं शेत असणाऱ्यांनीं येथें विशेष सावध राहावें. मोरचूद तांब्याचाच क्षार आहे, आणि केळीस देतात तो म्युरिएट ऑफ पोटॅशही या पत्र्यास बाधतो. चुना व सिमेंट यांचेंही तसेंच. असलीं पोतीं होडींतून न्यावयाचीं असल्यास खालीं जाड प्लॅस्टिक अंथरावें आणि उतरल्यावर होडी आंतून धुवावी.

आतां तें प्रकरण. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका गांवचे तिघे जण लोखंडी पत्र्याच्या होडींतून सायंकाळीं जाळें काढावयास गेले. वारा सुटला, होडी एका बाजूस कलली व पाण्यानें भरली. दोघे पोहत आले, तिसरा आला नाहीं. कारणाच्या रकान्यांत आम्हीं "होडी फुटून" असें लिहिलें, कारण सर्वजण तसेंच सांगत होते. दोन दिवसांनीं होडी वर काढली तेव्हां तिला एकही छिद्र नव्हतें. दीड पुरुष पाण्यांत ती दगडासारखी तळाशीं बसली होती. लांकडाची असती तर उलटूनही तरंगली असती आणि त्या माणसास धरावयास कांहीं तरी मिळालें असतें. आम्हीं रकाना दुरुस्त केला, परंतु "छिद्र नाहीं" हें वाचून त्याच्या म्हाताऱ्या बापानें "मग बुडाली कशी?" असें आम्हांस विचारलें, त्यास उत्तर देतां आलें नाहीं.

ॲल्युमिनियमची होडीही भरली म्हणजे अशीच बुडते. म्हणून बैठकांखालीं बंद छिद्रांचा फोम भरलेला हवा. लिटरभर फोम सुमारें किलोभर भार तोलून धरतो. ८० किलोंची होडी पाण्याखालीं सुमारें ५० किलो भरते. तिला धरून राहणाऱ्या माणसांसाठीं आणखी जोडून एकंदर ऐंशी ते शंभर लिटर फोम असावा. थर्मोकोल भरलेला असल्यास घेऊं नये. तो पेट्रोलनें विरघळतो. पैसे देण्यापूर्वीं होडी कमरेइतक्या पाण्यांत न्यावी, कांठोकांठ पाण्यानें भरावी आणि तिला दोघांनीं धरून पाहावें. विक्रेता नाखूष झाला तर दुसरीकडे जावें. फोम असला तरी अंगावर तरंगतें जाकीट हवेंच.

या होडीचे दोन दोष सांगितलेच पाहिजेत. हलकी असल्यानें ती वाऱ्यानें वाहते. दोरी व लहान नांगर नेहमीं बरोबर असावा. आणि आपल्या वैशाखांत पत्रा इतका तापतो कीं उघड्या पायानें उभें राहवत नाहीं. लांकडी फळ्या टाकाव्या.

परदेशांत अशा होड्या बदकांच्या शिकारीसही वापरतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती वाट बंद आहे. हिवाळ्यांत हतनूरवर पाहुणीं बदकें उतरतात तेव्हां त्यांच्या थव्यांत होडी घालूं नये. जाळींही त्या बाजूस लावूं नयेत.

होडी घरीं आणल्यावर वरच्या कांठाखालीं एक फुटावर तांबड्या रंगाची रेघ चोहोंकडे ओढावी. दीड फूट उंचीच्या होडींत ती तळापासून सहा इंचांवर येते. रेघ पाण्याला टेकली कीं आणखी माणूस घेऊं नये, मग तो सोयरा असो वा मालक.