वारंवार होणारी मानदुखी : शस्त्रक्रियेविना उपचार

आमच्या अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागात मानदुखीचा रुग्ण येतो तो बहुधा हातात मोठा लिफाफा घेऊनच. लिफाफ्यात क्ष-किरण चित्र असते, कधी एमआरआयची फिल्मही असते, आणि सोबत आलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "डॉक्टर, मणक्यात गॅप आहे म्हणतात. ऑपरेशन करावे लागेल का?" काही कुटुंबांनी तोवर पैशांची जुळवाजुळव सुरू केलेली असते, दागिने गहाण ठेवण्यापर्यंत विचार गेलेला असतो. हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे आम्हांस वाटले.

मानेत सात मणके असतात. डोक्याचे सुमारे साडेचार ते पाच किलो वजन ते पेलतात आणि ते पेलत असतानाच मान चहूकडे वळू देतात. वरचे दोन मणके सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो व त्याच्या दोन्ही बाजूंनी मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात. वय वाढते तसा गादीतील पाण्याचा अंश घटतो, तिची उंची कमी होते आणि मणक्यांच्या कडांना हाडाची बारीक टोके येतात. लोकांच्या तोंडी रुळलेला 'गॅप' हा शब्द म्हणूनच उलटा आहे. मणक्यांत नवी फट पडलेली नसते. होती ती जागा थोडी कमी झालेली असते.

असा बदल फिल्मवर दिसला म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे मात्र नव्हे. जपानमधील संशोधकांनी मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ व्यक्तींची एमआरआय तपासणी करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ८७.६ टक्के व्यक्तींच्या गादीला फुगवटा आढळला. विशीतल्या तरुण-तरुणींतही तो बहुसंख्यांना होता. केस पिकावेत तसाच हा प्रकार. म्हणून आम्ही फिल्म बाजूला ठेवून आधी रुग्णाला तपासतो. हाताची ताकद, बोटांची संवेदना, चालण्याची ढब पाहतो. या तपासणीत काही वावगे न आढळल्यास बहुतेकांना एमआरआयची गरजच नसते.

मग दुखणे पुन्हा पुन्हा का येते? मान अवघडण्याचा एखादा झटका काही आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतो. रुग्ण बरा होतो, औषध थांबते आणि तो पुन्हा त्याच शिलाई यंत्रावर, त्याच हिशेबाच्या वहीवर, हल्ली त्याच मोबाईलवर मान खाली घालून तासन्‌तास बसतो. स्नायूंची सहनशक्ती वाढलेली नसते, उलट दुखऱ्या दिवसांतल्या विश्रांतीने ती घटलेलीच असते. दुखणे परतले म्हणजे मणके आणखी झिजले, असा अर्थ काढून घरची मंडळी घाबरतात. बहुतेक वेळा तसे काही झालेले नसते. मानदुखी परत येणारच, हे गृहीत धरून दोन झटक्यांमधल्या काळात काय करायचे, यावरच सारा उपचार उभा आहे.

त्या काळात करायचा तो व्यायाम. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या, कार्यालयात काम करणाऱ्या १८० स्त्रियांवर वर्षभर अभ्यास झाला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी मान व खांद्यांची ताकद किंवा सहनशक्ती वाढविणारे व्यायाम केले, त्यांच्या वेदना केवळ ताण देण्याचे व चालण्या-धावण्यासारखे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बऱ्याच अधिक कमी झाल्या. वेळ नाही, ही सबब आम्ही रोज ऐकतो. त्यावर डेन्मार्कमधील २०११ चा अभ्यास पाहावा. १९८ जणांपैकी काहींना दिवसाला १२ मिनिटे, तर काहींना फक्त २ मिनिटे रबरी पट्ट्याचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस दिला गेला. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या वेदना कमी झाल्या होत्या.

आम्ही शिकवतो ते व्यायाम साधे आहेत. ताठ बसून हनुवटी आत ओढावी, जणू कोणी डोके मागून अलगद खेचत आहे. नंतर तळहात कपाळावर ठेवून मानेने हाताला व हाताने मानेला सारख्याच जोराने दाबावे; मान जागची हलता कामा नये. पाच ते दहा सेकंद धरून सोडावे. असेच डोक्याच्या मागे व दोन्ही बाजूंना करावे. खांद्यांची पाती एकमेकींकडे ओढून धरावीत. पहिले काही दिवस स्नायू थोडे दुखतील. त्यास भिऊ नये. परंतु हातात कळ उतरू लागली किंवा मुंग्या वाढल्या, तर थांबून आम्हांस दाखवावे.

मानेच्या पट्ट्याविषयी प्रांजळपणे सांगायला हवे. पूर्वी आम्हीही मानदुखी म्हटली की पट्टा लिहून देत असू. रुग्णाला तो हवासा वाटे, आणि खरे तर आम्हांलाही काहीतरी दिल्याचे समाधान मिळे. महिनोन्‌महिने पट्टा बांधल्याने स्नायू दुबळे होतात व तो सुटता सुटत नाही. हातात कळ जाणारे दुखणे नवे असेल, तर काही आठवडे पट्ट्याचा उपयोग होतो, हे नेदरलँड्समधील २००९ च्या अभ्यासात दिसले आहे. तिथेही तीन आठवड्यांनंतर पट्टा हळूहळू कमी केला होता. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. झटक्यात चार-आठ दिवस त्या जरूर घ्याव्यात. परंतु दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची हौस तर सोडूनच द्यावी. असे प्रसंग विरळ असले, तरी मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दुखावून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. मज्जातंतू दबून हातात कळ जाणाऱ्या ८१ रुग्णांवर स्वीडनमध्ये झालेल्या व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्यांना पहिल्या काही महिन्यांत लवकर आराम पडला. वर्षाअखेरीस मात्र शस्त्रक्रिया, व्यायामोपचार व पट्टा या तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. म्हणून अशा दुखण्यात सहा ते बारा आठवडे नेटाने उपचार करून पाहावेत, वेदना असह्य राहिल्या किंवा हाताची ताकद उतरू लागली तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा आमचा परिपाठ आहे.

मज्जारज्जूच दबत असेल तर गोष्ट निराळी. सदऱ्याची बटणे लावता येईनाशी होणे, अक्षर बिघडणे, हातातून वस्तू निसटणे, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, ही त्याची लक्षणे होत. यात मान फारशी दुखतही नाही, त्यामुळे घरचे लोक वयावर बोट ठेवून गप्प बसतात. अशा रुग्णाला व्यायामात गुंतवून दिवस घालवणे ही आमच्या दृष्टीने गंभीर चूक ठरते, कारण मज्जारज्जूची हानी पुढे पूर्णपणे भरून येईलच असे नाही. मानदुखीसोबत ताप, वजन घटणे, रात्री झोपू न देणारी वेदना असल्यास मणक्याच्या क्षयाची शंका आपल्याकडे घ्यावीच लागते. मान व डाव्या हातातील कळेबरोबर छाती भरून येऊन घाम सुटला, तर प्रथम हृदयाची तपासणी करावी.

आमच्या देणगीदारांनी आजवर दिलेल्या यंत्रांबद्दल आम्ही ऋणी आहोत. तथापि मानदुखीत सर्वांत उपयोगी पडतो तो व्यायामोपचार तज्ज्ञाने एका रुग्णाजवळ बसून दिलेला अर्धा तास. त्यावर नावाची पाटी लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही यापुढील देणगीचा काही भाग या अर्ध्या तासासाठी राखून ठेवावा, असे आम्ही विश्वस्त मंडळास सुचविले आहे. नातेवाइकांना एवढीच विनंती, की पहिल्या भेटीस घरातील एकाने सोबत यावे आणि जुन्या फिल्मा व चालू गोळ्यांची पाकिटे आणावीत. तळहाताचा जोर किती द्यायचा, हे आम्ही त्यांच्याकडूनही एकदा करवून घेतो.